तुलना कोणाशी?

स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८० च्या दशकात एक चमत्कारिक प्रकार चालू होता. बरेच दिवस सगळं सुरळीत असायचं आणि मग एखाद्या दिवशी, अवघ्या काही तासांत, इस्पितळांच्या इमर्जन्सी विभागांत धापा टाकणाऱ्या माणसांची रीघ लागायची. दम्याचा झटका इतका जोराचा, की काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावं लागे, काही दगावत. दुसऱ्या दिवशी पुन्हा सामसूम. १९८१ ते १९८७ या काळात असे २६ उद्रेक नोंदले गेले.

दमा म्हटला की संशयितांची रांग लांबलचक: धूर, परागकण, बदलती हवा. पण रुग्णांच्या जागा नकाशावर मांडल्या तेव्हा ठिपके बंदराच्या बाजूला दाटलेले दिसले. मग संशोधक जोसेप मारिया आंतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदरातल्या नोंदी काढल्या. कुठल्या दिवशी कुठलं जहाज लागलं, त्यातून काय उतरवलं. १९८५ आणि १९८६ मध्ये मिळून उद्रेकाचे १३ दिवस होते. तेराही दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जात होतं.

इथे थांबायचा मोह होतो. पण सोयाबीन तर उद्रेक नसलेल्या दिवशीही उतरत होतं, तेव्हा का नाही कोणाला काही झालं? त्याचं उत्तर वाऱ्यात होतं. उद्रेकाच्या दिवशी हवेचा दाब जास्त असायचा आणि मंद वारा बंदराकडून शहराकडे वाहायचा, त्यामुळे धूळ विरून न जाता वस्तीवर येऊन बसायची. तरीही हा सगळा पुरावा दिवसांबद्दलचा झाला, माणसांबद्दलचा नाही. म्हणून उद्रेकाच्या दिवशी आलेल्या रुग्णांचं रक्त तपासलं आणि तुलनेसाठी असे रुग्ण घेतले ज्यांनाही दमाच होता, पण जे इतर दिवशी आले होते. पहिल्या गटात शंभरातल्या सुमारे ७४ जणांच्या रक्तात सोयाबीनविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. दुसऱ्या गटात शंभरात पाचसुद्धा नाहीत. दोष निघाला बंदरातल्या धान्याच्या एका कोठाराच्या माथ्यावर. तिथे धूळ अडवणारे फिल्टरच नव्हते. ते बसवले आणि उद्रेकांची ती मालिका तुटली.

पर्यावरणीय साथरोगशास्त्र, म्हणजेच एन्व्हायर्न्मेंटल एपिडेमिऑलॉजी, काय करतं हे सांगायला मला याहून चांगली गोष्ट माहीत नाही. नाव ऐकून वाटतं की हे फक्त साथींचं शास्त्र असेल. प्रत्यक्षात हवा, पाणी, माती, आवाज, किरणोत्सर्ग, उष्णता अशा भोवतालच्या गोष्टींमुळे माणसांच्या समूहात आजार किती आणि कसा वाढतो, हे मोजणं हा त्याचा धंदा. डॉक्टर एका रुग्णाला विचारतो, तुम्हाला काय झालंय? हे शास्त्र विचारतं, तुम्हालाच का, आणि त्यांना का नाही?

नवं औषध तपासायचं तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांना औषध आणि अर्ध्यांना साखरेची गोळी देता येते. चिठ्ठ्यांमुळे दोन्ही गट वय, पैसा, सवयी, सगळ्या बाबतीत साधारण सारखे होतात आणि उरलेला फरक औषधाच्या खात्यावर टाकता येतो. पण अर्ध्या लोकांना दहा वर्षं धुरात ठेवा आणि बाकीच्यांना स्वच्छ हवेत, असं कोणी करू शकत नाही आणि करूही नये. जग जसं आहे तसं घ्यायचं, आणि त्यातच तुलनेची एखादी प्रामाणिक जोडी शोधायची. या शास्त्रातल्या अभ्यासांची नावं भारदस्त असतात, पण ती सगळी 'तुलना कोणाशी?' या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

त्याआधी मात्र आणखी एक कटकट निस्तरावी लागते, आणि माझ्या मते खरी मेहनत तिथेच आहे. कोणाच्या शरीरात नेमकं किती गेलं? याला एक्सपोजर म्हणतात. मराठीत 'संपर्क' म्हणू. बातमीत लिहिलेलं असतं की अमुक शहराच्या हवेत इतके मायक्रोग्रॅम कण आहेत. तो आकडा एका खांबावरच्या यंत्राचा. त्या शहरातला एकजण दिवसभर चौकात उभा असतो, दुसरी बंद खोलीत स्वयंपाक करते, तिसरा रोज शंभर किलोमीटर लांब कामाला जातो. तिघांच्या फुप्फुसांना एकच आकडा लावणं म्हणजे एका मापाचे बूट सगळ्यांच्या पायांत घालणं.

म्हणून मोजणारे निरनिराळ्या युक्त्या काढतात. अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांमधलं शिसं मोजलं. रक्तातलं शिसं काही आठवड्यांपूर्वीचीच हकिकत सांगतं, दातात मात्र वर्षांची नोंद साठलेली असते. ज्यांच्या दातांत शिसं जास्त होतं, त्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतली कामगिरी कमी भरली. हे १९७९ सालचं काम.

पण माझी सगळ्यात आवडती युक्ती त्याच्याही सव्वाशे वर्षं आधीची आहे. लंडनमध्ये १८५४ साली कॉलऱ्याची साथ चालू होती. जॉन स्नो या डॉक्टरचं नाव साथीत काढून टाकलेल्या एका सार्वजनिक पाण्याच्या पंपाच्या दांड्याशी जोडलं गेलं आहे, पण त्याचं खरं मोठं काम दक्षिण लंडनमधलं. तिथे दोन कंपन्या एकाच भागात, अनेकदा एकाच गल्लीत, नळाचं पाणी पुरवत. साउथवार्क अँड वॉक्सहॉल ही कंपनी लंडनच्या सांडपाण्याने घाण झालेल्या थेम्समधून पाणी उचलायची. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपलं पाणी उचलण्याचं ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला, घाणीच्या पलीकडे हलवलं होतं. शेजारी-शेजारी दोन घरं, तीच गल्ली, तीच हवा, साधारण तीच मिळकत, आणि नळ वेगळे. स्नोच्या हिशेबाने सुमारे तीन लाख माणसं अशी दोन गटांत विभागली गेली होती, तीही कोणी न ठरवता आणि बहुतेकांना पत्ता नसताना.

स्नो दारोदार गेला, तर अनेक घरांत लोकांना आपल्या नळाला कोणाचं पाणी येतं हेच ठाऊक नव्हतं. पाणीपट्टी घरमालक भरायचा. मग त्याने रसायनशास्त्र वापरलं. थेम्सच्या खालच्या भागात भरतीचं खारं पाणी मिसळायचं, त्यामुळे साउथवार्कच्या पाण्यात मीठ लॅम्बेथपेक्षा कितीतरी पट जास्त होतं. बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे, आणि किती पांढरं होतं ते बघायचं. दाट पांढरं झालं की साउथवार्क. लोकांच्या तोंडच्या माहितीवर न विसंबता संपर्क असा मोजायचा असतो.

आकडे असे आले. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवार्कच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू. लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५, दुसरीकडे ३७. जंतू सूक्ष्मदर्शकाखाली न बघता स्नोने पाण्यावर बोट ठेवलं. अशा योगायोगाने पडलेल्या विभागणीला 'नैसर्गिक प्रयोग' म्हणतात. संशोधकांना तो लॉटरीसारखा वाटतो, आणि लॉटरीइतकाच क्वचित लागतो.

एरवी सोप्यापासून सुरुवात होते. लोकांना एकदाच गाठून, तुम्ही काय श्वासात घेता आणि तुम्हाला काय त्रास आहे, हे दोन्ही त्याच वेळी विचारणं म्हणजे क्रॉस-सेक्शनल पाहणी. स्वस्त आणि झटपट. अडचण एवढीच की आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. मुलाला दमा आहे म्हणून ज्या घरांनी मांजर दुसऱ्याला देऊन टाकलं, ती घरं पाहणीत 'मांजर नाही, दमा आहे' अशी दिसतात. कागदावरून वाटेल, मांजर पाळल्याने दमा टळतो!

दुसरा सोपा मार्ग म्हणजे माणसांऐवजी प्रदेशांची तुलना. इथे रेडॉनची गोष्ट सांगायलाच हवी. रेडॉन हा जमिनीतून झिरपणारा किरणोत्सर्गी वायू. घरात कोंडला की तो फुप्फुसाचा कर्करोग घडवू शकतो, हे खाणकामगारांच्या अभ्यासांतून माहीत होतं. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ बर्नार्ड कोहेन यांनी दीड हजारांहून जास्त काउंटींची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची, सरासरी रेडॉन पातळी आणि तिथले फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू शेजारी मांडले. निकाल उलटाच आला: रेडॉन जास्त तिथे मृत्यू कमी. मग काय रेडॉन तब्येतीला चांगला?

गडबड अशी होती की जास्त रेडॉनच्या काउंटींमध्ये सिगारेट ओढणारे कमी होते, आणि फुप्फुसाच्या कर्करोगात सिगारेटचा वाटा इतका प्रचंड आहे की ती बाकी सगळं झाकून टाकते. कोहेन यांनी धूम्रपानाचा हिशेब धरायचा प्रयत्न केला होता, पण काउंटीच्या सरासरीवरून कोणता माणूस सिगारेट ओढतो आणि कोणाच्या घरात रेडॉन आहे हे कळतच नाही. नंतर कोणीतरी एक हुशार तपासणी केली. तोंडाचा आणि स्वरयंत्राचा कर्करोग घेतला, ज्यांचा सिगारेटशी संबंध पक्का आहे, पण रेडॉनशी असण्याचं कारण नाही. त्यांच्याबाबतीतही तोच उलटा कल दिसला. म्हणजे आकड्यांत बोलत होता तो तंबाखू. तिसऱ्याच घटकाच्या अशा घुसखोरीला कन्फाउंडिंग म्हणतात, आणि समूहाच्या सरासरीवरून एकेका माणसाबद्दल निष्कर्ष काढण्याच्या चुकीला इकॉलॉजिकल फॅलसी. माझ्यापुरतं मी याला 'सरासरीचा चकवा' म्हणतो.

या चकव्यातून बाहेर पडायला माणसांपर्यंत जावं लागलं. केस-कंट्रोल अभ्यासात उलट्या दिशेने चालतात. आधी आजारी माणसं गोळा करायची, मग त्याच लोकसंख्येतली निरोगी माणसं, आणि दोघांच्या भूतकाळात डोकवायचं. क्वचित होणाऱ्या किंवा उमटायला दशकं लागणाऱ्या आजारांसाठी हाच रस्ता परवडतो. युरोपातल्या अशा १३ अभ्यासांची माहिती एकत्र करून सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये निकाल छापला. फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७,१४८ रुग्ण, तुलनेसाठी १४,२०८ जण, प्रत्येकाच्या घरातला रेडॉन मोजलेला, प्रत्येकाला सिगारेटबद्दल विचारलेलं. दर घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) रेडॉन वाढला की धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो असं आधी दिसलं. मग त्यांनी मोजमापातली चूक हिशेबात धरली, कारण घरातला रेडॉन वर्षागणिक बदलतो आणि एकदाच घेतलेलं माप डळमळीत असतं. तेव्हा तोच आकडा १६ टक्क्यांवर गेला.

हे थोडं सावकाश वाचण्यासारखं आहे. संपर्क चुकीचा मोजला की वाटतं निष्कर्ष कुठेही भरकटेल. पण चूक दोन्ही गटांत सारखीच आणि आडवीतिडवी असेल, तर बहुतेक वेळा ती खरा परिणाम पातळ करते. 'काही आढळलं नाही' या निकालामागे कधी कधी नुसती ढिली मोजपट्टी असते.

शिवाय १६ टक्के म्हणजे किती? इथे बातम्या हमखास घसरतात. त्याच अभ्यासानुसार कधीच सिगारेट न ओढलेल्या माणसाला वयाच्या ७५ पर्यंत फुप्फुसाचा कर्करोग होण्याची शक्यता रेडॉन शून्य असेल तर सुमारे ०.४ टक्के, आणि ४०० बेकरेल असेल तर ०.७ टक्के. सिगारेट ओढणाऱ्याची तीच शक्यता १० वरून १६ टक्क्यांवर जाते. दोघांचा सापेक्ष धोका साधारण सारख्याच पटीने वाढला, पण एकाच्या बाबतीत हजारात तीन माणसं जास्त आणि दुसऱ्याच्या बाबतीत साठ. 'धोका दुप्पट' असं वाचलं की मी आधी शोधतो, कशाच्या दुप्पट. आणि याची दुसरी बाजूही आहे: लाखो लोक श्वासात घेतात त्या हवेने धोका पाच टक्क्यांनी जरी वाढवला, तरी एकेकट्या माणसाला तो जाणवणार नाही आणि मृत्यूंच्या नोंदवहीत मात्र हजारोंनी भर पडेल.

केस-कंट्रोलचा कच्चा दुवा म्हणजे आठवण. आजारी माणूस कारण शोधत असतो, त्यामुळे त्याला लहानपणचा कारखान्याचा वास आठवतो. निरोगी माणसाने त्याचा विचारच केलेला नसतो. दुसरा कच्चा दुवा तुलनेचा गट निवडण्यात. बार्सिलोनात दम्याच्याच रुग्णांशी तुलना केली ती याचसाठी. दमा नसलेली माणसं घेतली असती तर ॲलर्जी असणारे आणि नसणारे एवढाच फरक सापडला असता.

पुढच्या दिशेने चालायचं तर कोहोर्ट अभ्यास. निरोगी माणसं जमवायची, त्यांचा संपर्क नोंदायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांतले ८,१११ प्रौढ असे १४ ते १६ वर्षं पाहिले. त्या काळात १,४३० जण वारले. १९९३ मध्ये निकाल आला: सगळ्यात प्रदूषित स्ट्यूबेनव्हिलमध्ये मृत्युदर सगळ्यात स्वच्छ पोर्टेजच्या १.२६ पट. ही तुलना वय, सिगारेट, शिक्षण, वजन, कामावरची धूळ असे घटक जमेस धरून केलेली होती. शेजारी कंसात एक जोडी होती, १.०८ ते १.४७. याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. ढोबळमानाने, हाती आलेल्या माहितीशी खऱ्या आकड्याची किती किंमत जुळू शकते त्याची ही मर्यादा. त्यात १ येत असेल, तर फरक नसण्याची शक्यताही उरते. इथे येत नव्हता. या निकालाच्या आधारे अतिसूक्ष्म कणांवर, म्हणजे पीएम २.५ वर, कायद्याने मर्यादा आणायची वेळ आली. साहजिकच उद्योगांनी अभ्यासावर झोड उठवली. मग मूळ माहिती तिऱ्हाईत तज्ज्ञांना देऊन सगळं गणित पुन्हा करवून घेतलं, आणि आकडा जवळपास तोच आला.

कोहोर्टला पैसा आणि धीर दोन्ही लागतात. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग उमटायला २० ते ५० वर्षं लागू शकतात; अभ्यास सुरू करणारा निवृत्त होऊन जातो. कारखान्यातल्या कामगारांची तुलना सर्वसामान्य जनतेशी केली तर आणखी एक फसगत होते. कामगार आधीच धडधाकट असतात, नाहीतर त्यांना कामावर घेतलंच नसतं, त्यामुळे घातक कारखानाही आरोग्यदायी भासतो.

मग माणसाची तुलना त्याच्याशीच केली तर? १९५२ च्या डिसेंबरमध्ये लंडनवर पाच दिवस धुरकं बसलं. आधीच्या आठवड्यांशी ताडून बघितलं तर सुमारे ४,००० मृत्यू जास्तीचे निघाले. पुढच्या महिन्यांतही मृत्यू चढेच होते, आणि नंतरच्या विश्लेषणाने तो आकडा १२,००० च्या आसपास नेला. शहर तेच, माणसं तीच, त्यांच्या सवयी आठवड्यात बदलत नाहीत. याच कल्पनेवर टाइम सिरीज अभ्यास उभे आहेत: रोजचं प्रदूषण आणि रोजचे मृत्यू वर्षानुवर्षं शेजारी ठेवायचे. सिगारेट, गरिबी असले अडथळे आपोआप गळतात. राहतात ते दिवसागणिक बदलणारे: थंडी, फ्लू, सुट्ट्या.

हीच कल्पना एकेका माणसावर आणली ती माल्कम मॅक्लुअर यांनी १९९१ मध्ये. नाव केस-क्रॉसओव्हर. कोणाला बुधवारी हृदयविकाराचा झटका आला, तर त्याच महिन्यातल्या इतर बुधवारी त्याच माणसाच्या भोवतालची हवा कशी होती ते बघायचं. तोच स्वतःचा जोडीदार, म्हणून जनुकं, पगार, स्वभाव सगळं वजा. मला ही रचना फार देखणी वाटते. अर्थात ती ठिणगी शोधते. तीस वर्षं साचत गेलेलं सरपण तिला दिसत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच रचनेत बसत नाही, तरी लोकांच्या मनात सगळ्यात घट्ट बसते. एका वस्तीत कर्करोगाचे सात रुग्ण सापडतात, आणि शेजारचा मोबाइल टॉवर दोषी ठरतो. रुग्ण खरे असतात, दुःखही खरं असतं. पण हजारो वस्त्यांत काही ठिकाणी केवळ योगायोगानेही गर्दी होणारच. आधी बाण मारायचा आणि मग त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं, तर प्रत्येकजण नेमबाज. अशा वेळी करायचं ते बार्सिलोनात केलं तेच: संशय नेमका मांडायचा, आणि ज्या माहितीवरून तो आला ती सोडून दुसऱ्या माहितीवर तपासायचा.

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये संबंधाला कारण कधी म्हणावं यासाठी नऊ मुद्दे सुचवले. संबंध किती जोरकस, वेगवेगळ्या ठिकाणी तोच दिसतो का, मात्रा वाढली की परिणाम वाढतो का, असे. अनेकजण ती खूण करत जायची यादी समजतात. हिल यांनी स्वतः तसं मानलं नव्हतं. त्यातला एकच मुद्दा सोडता येत नाही: कारण आधी घडलं पाहिजे. आणि एक मुद्दा असा की कारण काढून घेतलं तर परिणाम कमी होतो का ते बघावं.

आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिनमध्ये, ते बघायची संधी मिळाली. १ सप्टेंबर १९९० पासून शहरात धुरकट कोळसा विकायला बंदी आली. हवेतला काळा धूर सुमारे ७० टक्क्यांनी घटला. बंदीआधीची सहा वर्षं आणि नंतरची सहा वर्षं ताडून २००२ मध्ये निकाल छापला गेला: श्वसनाच्या विकारांचे मृत्यू साडेपंधरा टक्क्यांनी कमी, हृदयविकाराचे दहा टक्क्यांनी. जगभर त्याचा दाखला दिला गेला. पुढे त्याच संशोधकांपैकी काहींनी हिशेब पुन्हा मांडला, या वेळी आयर्लंडच्या ज्या भागांत बंदी नव्हती तेही शेजारी ठेवून. हृदयविकाराचे मृत्यू तिथेही त्याच काळात घटतच होते, त्यामुळे ते श्रेय बंदीला देता येईना. श्वसनाच्या मृत्यूंमधली घट मात्र टिकली. २०१३ मध्ये त्यांनी हे दोन्ही एकाच अहवालात छापलं.